दुखण्याआधीचा काळ

(मुलुंड येथील वार्षिक स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते वर्गात नखांबरोबर मुलांचे दातही बघत असत, असं त्यांच्या विद्यार्थ्यांनी मला सांगितलं. म्हणून यंदा दातांच्या डॉक्टरला बोलवायचं ठरलं. मला याचा फार आनंद झाला, कारण मला जे सांगायचं आहे त्याची सुरुवात त्यांच्या त्या बघण्यातच आहे.

दवाखान्यात येणारा बहुतेक माणूस पहिलं वाक्य एकच बोलतो, "कालपासून दाढ ठणकतेय." दुखणं कालचं असतं, आजार कालचा नसतो. तो वर्ष-दोन वर्षं तोंडात बसलेला असतो, आणि त्यातला बराच काळ तो नुसत्या डोळ्यांना दिसण्याजोगा असतो. पोटातलं किंवा छातीतलं बघायला यंत्रं लागतात. तोंड बघायला आरसा आणि उजेड पुरतो. तरीही आपल्याकडे माणसं दात गमावतात, आणि दातांहून कितीतरी मोठं काही गमावतात, ते केवळ "दुखत नाही ना, मग ठीक आहे" या एका समजुतीपायी. आज माझं भांडण या समजुतीशी आहे.

दात किडतो म्हणजे काय होतं ते आधी पाहू. दाताचं बाहेरचं कवच, एनॅमल, हा आपल्या शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. त्यात रक्तवाहिनी नाही, नस नाही. गोड किंवा पिठूळ काही खाल्लं की दातांवरच्या थरातले जंतू त्याचं आम्ल करतात. तिथला पीएच साडेपाचच्या खाली गेला की एनॅमलमधलं कॅल्शियम आणि फॉस्फेट सुटायला लागतं. पुढच्या अर्ध्या-एक तासात लाळ ते आम्ल निववते आणि सुटलेले क्षार बऱ्याच अंशी परत बसवते. ही झीज आणि भरपाई दिवसभर चालू असते. झीज वरचढ झाली की हिरडीच्या कडेला खडूसारखा पांढरा, निस्तेज डाग दिसतो. ही किडीची पहिली खूण. इथे अजून खड्डा नसतो, आणि फ्लोराइड व नीट घासणं यांनी हा डाग इथेच थांबवता येतो. पण या डागासाठी कुणी डॉक्टरकडे येत नाही, कारण तो दुखत नाही.

पुढे डाग तपकिरी होतो, कवच फुटतं, कीड आतल्या डेंटिनपर्यंत जाते. आता गार पाणी लागलं की सळक जाते आणि लगेच थांबते. इथे सिमेंट भरलं की काम भागतं. माणसं त्याऐवजी गार पाणी सोडतात आणि दुसऱ्या बाजूने चावू लागतात. मग कीड नसेपर्यंत पोचते. गरम चहाने कळ येते ती पाच-दहा मिनिटं राहते, रात्री आडवं पडलं की ठणका वाढतो. घरात लवंगेचं तेल निघतं. त्याने थोडा वेळ बरं वाटतं, ते खरंच आहे. लवंगेतलं युजेनॉल नस बधिर करतं आणि आम्ही दवाखान्यातही ते वापरतो. पण कीड त्याने तसूभरही हटत नाही.

आणि मग एक दिवस दुखणं आपोआप थांबतं. या टप्प्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. घरात म्हणतात, "बरी झाली दाढ." दाढ बरी झालेली नसते, आतली नस मेलेली असते. दुखवायला कुणी उरलेलं नसतं, म्हणून शांतता असते. जंतू मुळाच्या टोकातून हाडात उतरत असतात. काही महिन्यांनी हिरडीवर एक छोटी पुळी येते, फुटते, पुन्हा येते, आणि तीही फारशी दुखत नाही. मग एखाद्या रात्री गाल सुजतो. खालच्या दाढेची सूज जबड्याखाली, गळ्यात उतरली तर श्वास अडू शकतो. गिळता येत नसेल, तोंड उघडत नसेल आणि ताप असेल, तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठायचं. दातापायी माणूस दगावू शकतो, हे आपल्याकडे अजून पुरेसं माहीत नाही.

किती गोड खाल्लं, यापेक्षा किती वेळा खाल्लं याला दाताच्या लेखी जास्त महत्त्व आहे. स्वीडनमध्ये व्हिपेहोम इथल्या संस्थेत १९४५ ते १९५३ या काळात मतिमंद रुग्णांना वेगवेगळ्या प्रकारे साखर देऊन याचा अभ्यास झाला. त्या माणसांची संमती कुणी घेतली नव्हती. असा प्रयोग आज कुणी करू देणार नाही, आणि तेव्हाही तो व्हायला नको होता. पण त्यातून कळलं ते खरं ठरलं आहे. जेवणाबरोबर खाल्लेल्या साखरेने फार बिघडलं नाही. जेवणांच्या मधे चघळलेल्या चिकट टॉफीने दात झपाट्याने किडले.

आता आपल्या उपनगरातला दिवस आठवा. घोडबंदर रोड किंवा लिंक रोडवरच्या ऑफिसात दहाला चहा, साडेअकराला कटिंग, जेवणानंतर एक, चारला बिस्किटांबरोबर, घरी परतताना स्टेशनबाहेर आणखी एक. कपभर चहात साखर फार नसेल, पण प्रत्येक कपाने आम्लाचा तासभर पुन्हा सुरू होतो आणि लाळेला उसंत मिळत नाही. विलेपार्ल्याचा बिस्किटांचा कारखाना २०१६ मध्ये बंद झाला, पण चहात बिस्किट बुडवायची आपली सवय शाबूत आहे. ते भिजलेलं पीठ दाढांच्या खाचांत तासन्‌तास बसून राहतं. मी चहा सोडा असं म्हणणार नाही. दोन-तीन वेळा प्या, गोड जेवणाबरोबर घ्या, आणि मधे तोंडाला साध्या पाण्याशिवाय काही लावू नका.

फ्लोराइडबद्दल इथे बोलायला हवं, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर त्याच्याविरुद्ध बरंच फिरतं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत काही गावांत विंधन विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड प्रमाणाबाहेर आहे. तिथे मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात, हाडंही बिघडतात. तो प्रश्न खरा आणि गंभीर आहे. पण आपण पितो ते तानसा, वैतरणा, भातसा, विहार, तुळशी यांचं पाणी आहे. पावसाने भरलेल्या तलावांच्या पाण्यात फ्लोराइड अगदी कमी असतं. तेव्हा मुंबईच्या माणसाने फ्लोराइडवाली पेस्ट आवर्जून वापरावी. नळीवर १००० पीपीएम किंवा त्याच्या आसपासचा आकडा बघून घ्या. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. घासून झाल्यावर थुंकायचं, खळाखळा चुळा भरून ती सगळी धुऊन टाकायची नाही. आणि रात्रीचं घासणं चुकवायचं नाही, कारण झोपेत लाळ कमी होते आणि दात उघडे पडतात.

कोकणातून आलेल्या घरांत अजून कुठे कुठे राखुंडी असते. दात चकचकीत होतात म्हणून जुनी माणसं ती सोडत नाहीत. ती एनॅमल खरवडते. वीस-तीस वर्षांनी दातांच्या मानेशी खाचा पडलेल्या दिसतात, आणि मग गार-गरम काहीच सोसवत नाही.

मुलांविषयी एकच गोष्ट सांगते, पण ती आईवडिलांनी आणि आजीआजोबांनी घट्ट धरून ठेवावी. सहाव्या वर्षाच्या सुमाराला शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, त्यामुळे घरात कुणाला पत्ताच नसतो. ती दुधाची नाही, ती कायमची आहे, जन्मभराची आहे. तिच्या माथ्यावर खोल खाचा असतात. आल्यापासून वर्ष-दोन वर्षांतच ती किडते, आणि आठ वर्षांचं मूल घेऊन आलेली आई मला सांगते, "दुधाचीच आहे, काढून टाका." अशी दाढ काढावी लागते तेव्हा मला फार वाईट वाटतं. ती आली की लगेच तिच्या खाचा पातळ सीलंटने बुजवता येतात, सुई नाही, दुखणं नाही. आणि दुधाच्या दातांनाही "पडणारच आहेत" म्हणून सोडू नका. मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात आणि खालच्या कायमच्या दातांची जागा राखतात. बाळाला दुधाची बाटली तोंडात देऊन झोपवू नका. पहिला वाढदिवस होईपर्यंत एकदा डॉक्टरला दाखवून ठेवा.

हिरड्यांची गोष्ट वेगळी असली तरी चूक तीच होते. घासताना रक्त आलं की माणूस तिथे ब्रश फिरवायचा थांबतो, जोराने घासलं म्हणून आलं असेल असं समजतो. रक्त येतं ते तिथे थर साचून हिरडी सुजलेली असते म्हणून. तिथेच मऊ ब्रशने अधिक काळजीने घासायचं असतं. मधुमेह असेल तर हिरड्या लवकर बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आवरत नाही, दोन्ही एकमेकांना ओढत राहतात. या सभागृहात मधुमेह असलेले बरेच असतील. साखर तपासता तशा हिरड्याही दर सहा महिन्यांनी दाखवा. दात साफ करून घेतले की ते हलतात, फटी पडतात, असं बरेच जण मला सांगतात. ती फट किटणाखाली आधीपासून होती, किटण निघालं तेव्हा ती दिसली. आणि वरची दाढ काढली की डोळे जातात, ही तर कुणीही मनातून काढून टाकावी अशी भीती आहे. दातांची नस वेगळी, दृष्टीची वेगळी.

आता ज्या विषयासाठी मी मुख्यतः आले, त्याकडे येते.

१९५२ साली श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरांनी केनियातल्या पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडात एक चमत्कारिक ताठरपणा नोंदवला. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, आपल्या मुंबईत डॉ. एस. जी. जोशी यांनी टाळू आणि घशाच्या कमानींचा हाच आजार वर्णन करून त्याला सबम्युकस फायब्रोसिस म्हटलं. आज जगभरचे डॉक्टर या आजाराचं जे नाव घेतात, त्याचं मूळ आपल्या शहरातल्या त्या निबंधात आहे. कारण आहे सुपारी. तिच्यातल्या द्रव्यांनी गालाच्या आतल्या नरम त्वचेखाली तंतू साठत जातात, गाल आखडतो, तोंड उघडेनासं होतं, आणि काही जणांत पुढे कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात सुपारीला, तिच्यात तंबाखू नसली तरीही, कर्करोगकारक ठरवलं. त्यामुळे "मी तंबाखू खात नाही डॉक्टर, फक्त सुपारी" हे वाक्य माझ्या मनाला कधी दिलासा देत नाही. लग्नसमारंभात मुखवासाच्या ताटलीतली सुगंधी सुपारी लहान मुलांच्या हातावर ठेवतात, ते बघवत नाही.

या आजाराची पहिली खूण म्हणजे तिखट न सोसणं. रोजची आमटी, ज्यात बदल काहीच नाही, ती तोंडाला झोंबायला लागते. घरात भांडण होतं, "मिरची जास्त घातलीस." मग काही महिन्यांनी पाणीपुरी अख्खी तोंडात जात नाही, वडापाव चिमटीने तोडून खावा लागतो. भांडुपला माझ्या समोरच्या खुर्चीत बसलेला पंचविशीचा रिक्षाचालक मला हेच सांगत होता, आणि सांगताना त्याला ती तक्रार वाटतच नव्हती. तो आला होता अक्कलदाढेसाठी. त्याच्या तोंडात माझा आरसा नीट फिरत नव्हता. गालाच्या आत फिकट पांढुरके पट्टे होते, बोटाने चाचपले की दोरीसारखे लागत. त्याने बघितलं असतं तर वर्षापूर्वीच त्याला ते दिसले असते.

आणि बघण्याने फरक पडतो, हे मी श्रद्धेने सांगत नाही. ते आपल्याच माणसांनी मोजून दाखवलं आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. फली मेहता यांच्या दंत संशोधन विभागाने साठच्या दशकापासून गावोगाव जाऊन तोंडं तपासली. मुंबईच्या पोलिसांच्या तोंडातले पांढरे चट्टे बघून त्यांचा दहा वर्षं पाठपुरावा केला. महाराष्ट्रातल्या खेड्यांतल्या १,०१,७६१ माणसांची तपासणी केली आणि १९७२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आपल्या बायकांच्या मशेरीची शास्त्रीय नोंद अशा पाहण्यांतून झाली. तव्यावर तंबाखू भाजून, कुटून, डबीत भरून ठेवायची आणि सकाळी बोटाने दातांना लावायची, ही सवय घाटकोपर-विक्रोळीच्या वस्त्यांत अजून आहे. मावशींना विचारलं, "तंबाखू खाता का?" तर त्या प्रामाणिकपणे "नाही" म्हणतात, कारण त्यांच्या लेखी मशेरी दात घासायला असते. म्हणून मी आता थेट मशेरीबद्दल विचारते. दंतमंजन आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला सरकारने १९९२ मध्ये बंदी केली, पण घरच्या तव्याला कायदा पोचत नाही. तिथे सुनेने, लेकीनेच बोलायला हवं.

त्याच संशोधकांनी पुढे केरळ, आंध्र आणि गुजरातेत ३६,००० तंबाखू वापरणाऱ्यांना समजावून सांगितलं, सवय सुटायला मदत केली, आणि ज्यांनी सोडली त्यांचे चट्टे कमी होताना पाहिले. हे १९८६ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आलं. त्यानंतर तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्ते घरोघर गेले. त्यांच्याकडे मोठं यंत्र नव्हतं, फक्त उजेड होता आणि काय बघायचं ते माहीत होतं. २००५ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत, जिथे तोंड बघितलं गेलं तिथे तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. नुसतं बघून. गुटख्यावर आपल्या राज्याने २०१२ मध्ये बंदी घातली, ती आवश्यकच होती, पण पुडी कुठे मिळते हे स्टेशनबाहेर उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. बंदी नीट अमलात येईपर्यंत आपल्याला घरचं बघणं थांबवता येणार नाही.

तर कसं बघायचं? महिन्यातून एकदा, दात घासून झाल्यावर, आरशासमोर, मोबाइलचा दिवा लावून. कवळी असेल तर काढून ठेवा. आधी ओठ बाहेर दुमडा आणि आतली बाजू बघा. मग एक गाल बोटाने बाहेर ओढा. गाल आणि खालची हिरडी यांच्यामधली जी खाच आहे, जिथे तंबाखूची गोळी ठेवतात, ती नीट न्याहाळा. आपल्याकडचे बरेच कर्करोग तिथे सुरू होतात. दुसरा गालही तसाच. जीभ बाहेर काढून रुमालाने धरा, आणि एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे ओढून तिच्या कडा बघा. जीभ टाळूला लावून खालचा भाग बघा. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, मखमली लाल चट्टा, हाताला कडक लागणारी जागा, विनाकारण हलणारा दात, यातलं काही दिसलं तर दाखवायचं. तोंड येणं म्हणजे साधा छाला, तो आठ-दहा दिवसांत जातो. दोन आठवडे झाले तरी जात नसेल तर तो दाखवायचाच, दुखो वा न दुखो. न दुखणारा जास्त लवकर दाखवायचा. शेवटी आपल्याच हाताची तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकावर एक धरून उभी आत घाला. तीन बोटं गेली तर तोंड मोकळं आहे. दोनच जात असतील तर त्या आठवड्यात डॉक्टर गाठा.

घरात अंथरुणाला खिळलेली माणसं असतील तर त्यांचं तोंड तुम्ही बघा. त्यांना सांगता येत नाही, आणि त्यांची कवळी महिनोन्‌महिने रात्रंदिवस तोंडात असते. ती रात्री काढून पाण्यात ठेवा. सैल कवळी घासून झालेली जखम आज ना उद्या भरेल म्हणून ठेवू नका.

पैशांचा प्रश्न मी टाळणार नाही. खाजगी दवाखान्यात रूट कॅनाल आणि कॅप एका पगाराच्या घराला जड जाते, हे मला रोज दिसतं. म्हणून तर सिमेंटच्या टप्प्यावर या, असं सांगते. तो टप्पा टळला असला तरी दात काढून मोकळं होण्याआधी सरकारी दारं ठोठावा. पश्चिम रेल्वेवर राहणाऱ्यांना मुंबई सेंट्रलचं महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय सोयीचं आहे, मध्य रेल्वेवरच्या आपल्या लोकांना सीएसएमटीजवळचं सेंट जॉर्जच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय. तिथे शिकणारे विद्यार्थी काम करतात, वर अध्यापकांचं लक्ष असतं, वेळ लागतो आणि फेऱ्या पडतात. पण काम मन लावून होतं. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा आणि डबा बरोबर ठेवा. जवळच्या राजावाडी किंवा कूपर रुग्णालयातही दातांचा विभाग आहे. तंबाखू, मशेरी, मावा सोडायचा असेल आणि घरी बोलायला अवघड वाटत असेल, तर १८००-११-२३५६ हा सरकारचा मोफत क्रमांक आहे. तिथे समुपदेशक फोनवर बोलतात आणि पुढे स्वतः पुन्हा फोन करून विचारपूस करतात. हा क्रमांक मी दारापाशी एका कागदावर मोठ्या अक्षरात लावून ठेवला आहे, जाताना लिहून घ्या. ज्यांना तीन बोटांची खात्री वाटत नाही, त्यांच्यासाठी मी आणि माझे दोन सहकारी आता मागच्या खोलीत बॅटरी घेऊन बसतो आहोत.